जगदंबेचा साचा

शहापूर,
२ फेब्रुवारी २००४

ताई,

फोन तू उचलत नाहीस आणि भावोजी दर वेळी ‘ती मीटिंगमध्ये आहे’ म्हणतात, म्हणून लिहिते आहे. ऑफिसच्या फॅक्सवर तुझी एक ओळ आली. मुखवट्यांची ऑर्डर रद्द, रिसॉर्टच्या शेठचं मन बदललं. खाली सहीसुद्धा नाही.

गिऱ्हाईक तू आणायचं आणि डिझाइन अन् माल मी बघायचा, ही आपली वाटणी. म्हणून उंबरमाळीच्या वरच्या पाड्यावर जाऊन हे सांगायचं मलाच आहे. जाण्याआधी तिथं काय ठरलं होतं ते तुला सांगते. तू कधी विचारलंच नाहीस.

दसऱ्यानंतर मी बारकूदादांच्या पडवीत बसले होते. ते बोहाड्याची सोंगं, म्हणजे मुखवटे, करतात. कागदाचा लगदा, मेथीची खळ, वर रंग. चैत्र-वैशाखात पाड्यातले पुरुष ती तोंडावर बांधून नाचतात. बारकूदादा व्यवहाराला बसत नाहीत. ते, पारूवहिनी आणि मधे त्यांची बारावी झालेली रुपाली. बोलली ती रुपालीच.

मी म्हटलं, “एवढा माल एकदम घेतेय, तर होलसेलचा भाव लाव.”

“जास्त घेतलं म्हनून आमच्या आंगनात ऊन जास्त पडत नाय, ताई. एक सोंग सुकायला जेवडा टाइम, तेवडाच दुसऱ्याला.”

“पण बाजारात नेऊन विकायचा त्रास नाही. गाडी माझी. वाटेत फुटलं तर माझं.”

ती बापाकडे बघत राहिली. मग भाव उतरवला, आणि अर्धे पैसे आधी मागितले. वीटभट्टीचा मुकादम उचल द्यायला येऊन गेला होता, त्याला नाही म्हणायचं तर घरात काहीतरी हवं. मी दिले. मग मी माझी अट सांगितली, की दोन वर्षं हा माल दुसऱ्या कुणा डिझायनरला द्यायचा नाही.

“बरं. मंग तुमी पन दोन वरसा दुसऱ्याकडून नाय घ्यायचा.”

हे मला कुणी सप्लायरने आजवर म्हटलेलं नव्हतं. कल्याणच्या फ्रेमवाल्यांनी नाही की मुंबईच्या पितळवाल्यांनी नाही. मला हसू आलं आणि मी हो म्हटलं. शेवटी बारकूदादा एवढंच बोलले, “राक्षस न्या, वाघ न्या, वेताळ न्या. देवाची सोंगं नाय मिलनार.” पारूवहिनींनी कोरा चहा दिला. तो प्यायलो, म्हणजे ठरलं.

ताई, त्या घरातलं कुणी या वर्षी भट्टीवर गेलं नाही. पडवीच्या आढ्याला राक्षस टांगून ठेवलेत, सगळे तयार. संक्रांतीच्या आठवड्यात तू शेठना घेऊन पाड्यावर गेलीस तेव्हा तू ते पाहिलेस. मी त्या दिवशी मुरबाडला साइटवर होते. त्यांच्या घरातली जगदंबा, देवीचं जुनं सोंग, तू ‘फक्त दाखवायला’ म्हणून मागून नेलीस. माझी बहीण म्हणून त्यांनी दिली. ड्रायव्हरच्या हाती ती परत आली तेव्हा नाकपुडीत काहीतरी पांढरं लागलं होतं. बारकूदादांनी ते नखानं काढलं.

शेठचं मन का बदललं, एवढं कळव. मी आईला काही सांगितलेलं नाही.

नम्रता

•

शहापूर,
१९ मार्च २००४

मनस्वीताई,

तू कळवलं नाहीस ते बरंच झालं. मी डोळ्यांनी बघितलं.

रिसॉर्टच्या उद्‌घाटनाला तू आईसाठी शेणव्याला गाडी पाठवलीस. मला बोलावलं नव्हतंस, पण आईला एकटीला एवढ्या लांब, माळशेजच्या रस्त्याला, कशी पाठवणार? म्हणून मीही बसले. तू मला दारात बघितलंस आणि भावोजींकडे बघितलंस. ती नजर मी ओळखते. लहानपणी दुधाचं भांडं सांडलं की तू अशीच बघायचीस, आळ कुणावर घालायचा ते ठरेपर्यंत.

लॉबीत काय होतं ते जाऊ दे. बारमध्ये आईला आधी तूच घेऊन गेलीस. पूर्ण भिंतभर जगदंबा. एकसारख्या, ओळीत, फायबरच्या, तकतकीत. आणि डोळ्यांत लाल बल्ब. प्रत्येकीच्या डाव्या गालावर बारकूदादांच्या आजाच्या हातून राहिलेला तो बारीक खळगासुद्धा जसाच्या तसा. तेव्हा मला ते नाकपुडीतलं पांढरं कळलं. प्लास्टर होतं ते. तू तिच्या तोंडाचा साचा काढलास.

आणि आईनं चपला काढल्या.

तुझ्या लक्षात आहे ना? नव्या साडीचा पदर डोक्यावर घेऊन ती बाटल्यांच्या समोर अनवाणी उभी राहिली आणि हात जोडले. ग्लास घेऊन उभे असलेले दोघे हसले. तू पुढे झालीस. मला वाटलं, तू तिला जवळ घेशील. तू हळूच म्हणालीस, “आई, चप्पल घाल. इथं नाही गं ते.”

आईनं चप्पल घातली. गाडीत कसाऱ्याच्या लोकलची, भाताच्या भावाची, काय वाट्टेल ती बडबड करत राहिली. घरी आल्यावर म्हणाली, “देवी तिथं कशाला नेली असंल गो मनूनं?” मी म्हटलं, शोभेची आहे. तर म्हणते, “शोभेला काय दुसरं नाय मिळालं?”

त्या बारमध्ये रुपालीचा भाऊ पंकज वेटर आहे. पांढरा शर्ट घालून तो भिंतीकडे पाठ करून उभा होता. मी त्याच्याशी बोलायला गेले तर तो ट्रे घेऊन आत निघून गेला.

पाड्यावरचा माल मी उचलला. ठरल्याप्रमाणे, सगळा. कसा, ते तू विचारणार नाहीस आणि मी सांगणार नाही. आई कालपासून माझ्या हातांकडे बघते आहे. मी तिला सांगितलंय, साइटवर पाटल्या घालून फिरता येत नाही.

नम्रता

•

शहापूर,
११ मे २००४

ताई,

गेल्या महिन्यात मी माल विकायला मुंबईत फिरले. इतकी वर्षं मी काउंटरच्या या बाजूला उभी राहून भाव पाडले. आता त्या बाजूला उभी राहिले. एका मोठ्या दुकानात मॅनेजर सभ्य होता. त्यानं चहा मागवला, एक राक्षस हातात घेऊन उलटसुलट केला.

“सुंदर आहे. ठेवून जा. विकला की पैसे. साठ टक्के आमचे.”

“आणि फुटला तर?”

“तुमचा.”

“निदान थोडे पैसे आधी?”

“मॅडम, तुम्ही तर लाइनमधल्या आहात. हे ओल धरतं. पावसाळ्यात बुरशी येईल. आता हे फायबरमध्ये मिळतात. धुता येतात.” आणि त्यानं खणातून काढून नमुना टेबलावर ठेवला. जगदंबा. खाली तुझं कार्ड.

मी राक्षस पिशवीत घालून उठले. तो म्हणाला, “तुमचं आडनाव आणि यांचं माहेरचं आडनाव एकच दिसतंय.” तू कार्डावर दोन्ही आडनावं छापलीस ना, म्हणून. मी म्हटलं, आमच्याकडे ते आडनाव पुष्कळांचं आहे.

हे तुला लिहायचं नव्हतं. लिहायचं ते वेगळंच आहे.

पाड्यावरचा बोहाडा झाला. पंकजनं बारमध्ये बघितलेलं घरी सांगितलं नव्हतं. पण त्याच्याबरोबर पाड्यातली आणखी दोन पोरं कामाला आहेत. त्यातल्या एकानं चक्क शेठच्या छापील माहितीपत्रकावरचा फोटो आणून गावात दाखवला. रंगीत. देवी, आणि तिच्याखाली दारूचे ग्लास.

गाव बैठकीला बसलं. मी तिथं नव्हते, पारूवहिनींनी सांगितलं ते लिहिते. कुणी आरडाओरड केली नाही. म्हातारे कमळूबाबा म्हणाले, “बारकू, तू विकली नायस, आमाला म्हाईत हाय. पन तू दिलीस.” जगदंबा बारकूदादांच्या घरात त्यांच्या आजापासून होती. तिला ठेवायचा, तिची पूजा करायचा, तिला सजवून आखाड्यात न्यायचा मान त्या घराचा. गावानं तो काढून घेतला. गावातले दोघं जण घरात आले, देव्हाऱ्याशेजारची जगदंबेची टोपली उचलली आणि कमळूबाबांच्या घरी नेली. पारूवहिनी म्हणाल्या, टोपलीवर टाकायला त्यांनी आपलं लुगडं दिलं, उघडी कशी नेणार.

त्या रात्री बारकूदादा आखाड्याकडे गेलेच नाहीत. संबळ घरापर्यंत ऐकू येत होता. ते पडवीत आढ्याखाली बसून होते, आणि आढं रिकामं होतं, कारण तिथले सगळे राक्षस माझ्या ऑफिसात आहेत.

तुला हे वाचून काय वाटतं ते मला माहीत नाही. पूर्वी माहीत असायचं.

न.

•

शहापूर,
३० ऑगस्ट २००४

ताई,

मी वकिलाकडे गेले होते हे आईनं तुला सांगितलंच असेल. नोटीस तयार होती. तू, भावोजी आणि आसनगावजवळची तुमची फायबरची शेड, तिघांची नावं घालून. आई दोन दिवस जेवली नाही. “सख्ख्या बहिणीला कोर्टात उभी करशील?” मी म्हटलं, सख्ख्या बहिणीनंच मला त्या पडवीत उभं केलं. त्यावर ती म्हणाली, “तिनं तुझ्या शिक्षणाला पैसे भरलेत.” भरलेस. ठाण्याच्या डिप्लोमाची फी तू भरलीस, ते मी कधी नाकारलं? पण तेव्हा तू असं नव्हतंस सांगितलं की त्याच्या बदल्यात काय काय मागशील.

नोटिशीला बारकूदादांची सही हवी होती. म्हणून पाड्यावर गेले. पाऊस होता, लावण्या उरकल्या होत्या. घरात रुपाली एकटी. हातांना खोबरेल चोळत बसली होती. कोपरापर्यंत लाल पुरळ.

मी कागद काढला. तिनं पूर्ण वाचला. मग घडी घालून माझ्यासमोर ठेवला.

“बाबाची सही नाय मिलनार, ताई.”

“का? घाबरतेस?”

“शेड बंद पडंल ना मंग.”

मला कळलं नाही. तिनंच सांगितलं, तशीच, हात चोळत. “मी तिथंच लागले. आखाड म्हैन्यापासून. खर्डीवरून पास काढलाय. रंगकामाला चार पोरी हायत, पन डोलं मीच काढते. बाकीच्यांना जमत नाय.”

“कुणाचे डोळे?”

तिनं खोबरेलाच्या बाटलीला बूच लावलं. मला ते विचारायला नको होतं.

मी म्हटलं, “रुपाली, ज्यांनी तुमचा मान घालवला...”

“मान गेला. पगार येतो.” मग म्हणाली, “आता बाबाकडं कोन येतंय सोंगं सांगायला? भाताची जमीन केवडी हाय ते तुमी बघितलीय. पंकजनं ती नोकरी सोडली. तुमी सांगा, मी पन सोडू का? सोडली तर तुमी काय देनार?”

माझ्याकडे द्यायला न विकलेले राक्षस होते.

“तुमची बहीन वाईट नाय बोलत आमच्याशी,” ती म्हणाली. “पगार टायमावर देते. तुमच्या घरातलं तुमी बघा. आमचं आमी बघतो.”

निघताना तिनं छत्री दिली, माझी मोडली होती म्हणून. वकिलाला मी नोटीस फाडायला सांगितली. तू जिंकलीस असं समजू नकोस. त्या मुलीच्या हातांना फायबरमधल्या काचेच्या धुळीनं ते झालंय, आणि ते तुला शेडमध्ये फिरताना दिसतच असणार.

नम्रता

•

शहापूर,
७ नोव्हेंबर २००४

मनस्वीताई,

तुझं पत्र आईनं आणून दिलं. वर्षभरात पहिलं, आणि तेही टाइप केलेलं. ‘झालं गेलं विसरू या. ठाण्याला शोरूम उघडतेय. तुझ्यासारखी डिझायनर मला मिळत नाही. दिवाळीला ये.’

मिळत नाही हे खरं आहे. ठाण्याच्या हॉटेलचा तू केलेला लेआउट मी पाहिला. लॉबीत माणसानं बसायचं कुठं?

माझं ऑफिस मी या महिन्यात बंद करते आहे. या उन्हाळ्यापासून सप्लायर मला माल द्यायला का-कू करतात. त्यांना वाटतं, मी नमुने घेते आणि बहिणीकडे साचे पोचवते. एकानं तोंडावर विचारलं. मी काय सांगणार होते?

बारकूदादा आणि पारूवहिनी काल भट्टीवर गेले. मुकादमानं या वर्षी उचल कमी दिली. म्हणाला, गेल्या वर्षी तुम्ही माझा शब्द मोडलात. बारकूदादांचं वयही आता विटा वाहायचं नाही. मी त्यांना खडवलीच्या फाट्यावर ट्रकमध्ये बसलेलं पाहिलं. त्यांनी मला ओळखलं आणि हात वर केला. याहून त्यांनी शिवी दिली असती तर बरं.

तर माझ्या अटी सांगते. तुला व्यवहार कळतो, म्हणून व्यवहारच करू.

मी तुझ्याकडे दोन वर्षं काम करीन. डिझाइन माझं, नाव तुझं. तुझ्या गिऱ्हाइकांसमोर मी कधीही तोंड उघडणार नाही. पगार तू ठरव, मी घासाघीस करणार नाही.

त्याच्या बदल्यात जगदंबेचा साचा मला दे. मूळ आणि त्यावरून काढलेले, जितके असतील तितके. ती सगळ्यात जास्त खपते, हे मला माहीत आहे. म्हणूनच एवढा भाव देते आहे. आणि शेडमधल्या मुलींना हातमोजे, नाकाला बांधायला धड कापड, धूळ ओढणारे पंखे. उपकार म्हणून नको. कायद्यानंही ते तुला द्यावंच लागतं, आणि वकिलाचा पत्ता माझ्याकडे अजून आहे.

आधी साचे येऊ देत. मग मी येईन.

दिवाळीला येणार नाही. आईला पाठवते. तिच्यासमोर माझ्याबद्दल चांगलंच बोल, ती दोन्ही बाजूंनी दमली आहे.

नम्रता

•

ठाणे,
२३ मे २००५

ताई,

तुझ्या केबिनच्या शेजारच्या खोलीत बसून हे लिहिते आहे, कारण तोंडानं तुला सांगावंसं वाटत नाही. साच्यांचं पुढे काय झालं, ते तू परवा आईकडून विचारलंस. मला विचारलं असतंस तरी चाललं असतं. ऐक.

साचे मी आणि बारकूदादांनी मिळून पाड्यावर नेले. भट्टीवरून ते चार दिवसांची सुट्टी मागून आले होते. गाव जमलं. कमळूबाबांनी साचा हातात घेऊन आत बघितलं. साच्यात तोंड उलटं दिसतं, खोल गेलेलं. त्यांनी लगेच मान फिरवली. फोडायचं ठरलं. पण फोडायला कुणी पुढे होईना, देवीचंच तोंड ते. शेवटी बारकूदादा उठले. कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूनं त्यांनी एकेक फोडला. तुकडे पाटीत भरून पुरले.

मला वाटत होतं, आता टोपली परत येईल.

कमळूबाबा म्हणाले, “साचा गेला. पन त्या दारूच्या घरात भिंतीवर हायतच ना अजून? त्या कशा आनशील?” बारकूदादांनी माझ्याकडे बघितलं नाही. ती भिंत शेठची. ती माझ्या पगारात बसत नाही.

मान परत मिळाला नाही. एवढं झालं की गावानं त्यांना जगदंबेचं नवं सोंग करायला सांगितलं. ज्या तोंडाची नक्कल झाली, ते आता नाचवायचं नाही म्हणून. जुनं तोंड त्यांनी पाण्यात सोडलं. नवं बारकूदादांनी करायचं आणि ठेवायचं कमळूबाबांच्या घरी. बारकूदादा हो म्हणाले. मला राग आला, त्यांना नाही आला. पारूवहिनी मेथी भिजत घालायला उठल्यासुद्धा.

चैत्र सरताना, बारकूदादा भट्टीवरून परतल्यावर, मी पुन्हा गेले. रुपालीनं सुट्टी काढली होती. हातांचं पुरळ गेलंय, डाग राहिलेत. घराचं दार लोटलेलं होतं, आत रंगकाम चालू होतं. मी उंबऱ्याशी चप्पल काढली तशी ती दारात आली.

“बाहेरच बसा, ताई.”

“मी फक्त बघते. हातसुद्धा लावणार नाही.”

“तुमी नाय. तुमच्या घरचं कोनीच नाय.” रागानं नव्हती बोलत. आईला बरं नसलं की शेजारणीला दारातूनच परत पाठवतात, तसं बोलली. “वाईट वाटून घेऊ नका. बाबानं सांगितलंय.”

मी पडवीत बसले. आतून बारकूदादांचा आवाज येत होता, कुठला रंग दे, कुठला नको. रुपाली डोळे काढत होती. मी त्या घरात इतक्या वेळा गेले, भाव केला, चहा प्यायले, पण आतलं बोलणं असं कधी ऐकलं नव्हतं. ती बापाला दोनदा चूक सांगत होती आणि तो ऐकत होता.

नवं तोंड मी अजून पाहिलेलं नाही. बोहाड्याला गेले नाही. बोलावणं नव्हतं.

तुझं ते नाशिकचं गिऱ्हाईक आज ‘तशीच ट्रायबल गॉडेस’ मागत होतं. मी सांगितलं, आमच्याकडे नाही. तू केबिनमधून ऐकलंस आणि काही बोलली नाहीस. ते का, हे मी विचारणार नाही.

हॉटेलचं ड्रॉइंग पूर्ण करून टेबलावर ठेवलंय. खाली तुझं नाव घातलंय. सही तेवढी तू कर.

नम्रता